जिवंत माणसाचा मृत्युलेख

त्या अमेरिकन गृहस्थांना रोज गाडीतून घरी सोडणं माझ्या कामात बसत नव्हतं. पण दोह्यातल्या आमच्या इंग्रजी दैनिकात सल्लागार म्हणून आलेले हे म्हातारे गाडी चालवायला तयार नव्हते, आणि ते राहत त्या अबू हमूरला गाडीवाचून पान हलत नाही. माझं घर अल हिलालला, म्हणजे रोजचा फुकटचा फेरा. वर गाडीत प्रश्न. हा रस्ता का बंद आहे? तुला कुणी सांगितलं? त्याला कुणी सांगितलं? त्यांची उभी हयात बातमीदारीत गेलेली. आधी एका गावातलं साप्ताहिक, मग कोर्टाच्या बातम्या, मग मोठ्या शहरांतली दैनिकं. त्यातली बरीचशी बंद पडली. त्याचं खापर ते इंटरनेटवर फोडत. मला यांच्या प्रश्नांचाही संशय होता. मग त्यांनी पुस्तकं लिहिली. 'सर' म्हटलेलं त्यांना खपत नसे आणि नावानं हाक मारायला माझी जीभ रेटत नसे, त्यामुळे मी त्यांना काहीच म्हणत नसे.

करार संपत आला तेव्हा त्यांनी मला शेवटचा धडा दिला. अमेरिकेत म्हणे नामवंतांचे मृत्युलेख ते जिवंत असतानाच लिहून तयार ठेवतात. "माझा लिही," ते सहज म्हणाले.

घरी येऊन मी वैतागून हे बोलले आणि साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर असलेल्या सासूबाईंनी ते ऐकलं. "अगं, जित्या मानसाचं असलं लिहित्यात व्हय? आदी मीठ-मोहऱ्या उतर त्येंच्यावरनं!"

मीठ-मोहऱ्या राहिल्या, लेख लिहावा लागला. मी त्यांना मनमिळाऊ म्हटलं होतं. त्यांनी त्यावर काट मारली. "कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही," मी म्हणाले, आणि ते अगदी खरं होतं.

"घरच्यांशी बोलल्याशिवाय मृत्युलेख पुरा होत नाही," असं म्हणत त्यांनी मला मुलीचा नंबर दिला. "माझा फोन ती घेत नाही. तुझा घेईल."

कारण विचारलं, तर शेवटच्या पुस्तकात त्यांनी तिच्या घटस्फोटावर आख्खं प्रकरण लिहिलं होतं. तिला न विचारता. "त्यातला शब्द न् शब्द खरा आहे. सगळं तपासून घेतलंय," ते ठासून म्हणाले. माझं डोकंच फिरलं. जगाला फोन करून खात्री करून घेतली, पोटच्या पोरीला तेवढं विचारायला नको? तसं मी त्यांना ऐकवलंही. ते म्हणाले, "परत गेल्यावर तिथे मला दुसरं कुणी नाही."

मी फोन लावला. ऑफिसातलं ठेवणीतलं इंग्रजी काढून म्हणाले, "दोह्याच्या दैनिकातून बोलतेय. आपल्या वडिलांच्या मृत्युलेखासंदर्भात..."

पलीकडून असा हंबरडा आला, की मी फोन कानापासून लांब धरला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. "नाही नाही, जिवंत आहेत! ठणठणीत आहेत! आत्ताच माझं डोकं खाऊन गेलेत!" ती आणखीच रडली. मग तिनं मला कुठल्याही पेपरात न छापता येतील अशा शिव्या दिल्या. मग विचारलं, ते बीपीच्या गोळ्या घेतात का. आणि फोन आपटला.

दुसऱ्या दिवशी गाडीत सगळं सांगितलं. यांचं सुरू. "रडली? नक्की? की नुसतीच चिडली?"

"आधी रडली, मग शिव्या दिल्या, मग गोळ्यांचं विचारलं."

"याच क्रमानं?"

यांना इथेच उतरवावं असं मनात आलं. "लावा फोन," मी म्हणाले. "आत्ता. तुमच्या फोनवरून."

सिग्नलला थांबल्यावर त्यांनी नंबर लावला, मी स्पीकर सुरू केला. बराच वेळ रिंग वाजली. मग ती म्हणाली, "हॅलो."

जन्मभर माणसांना भंडावून सोडलेल्या या गृहस्थांच्या तोंडून शब्द फुटेना. ती पुन्हा "हॅलो" म्हणाली. सिग्नल हिरवा झाला होता, मागचे हॉर्न वाजवत होते. मी स्टीअरिंगवर हात आपटून मराठीतच ओरडले, "अहो, बोला की! सॉरी म्हणा तिला!"

त्यातला एकच शब्द त्यांना कळला. तेवढा ते म्हणाले.