नाताळला घरी येणारी माणसं

मी नाताळच्या प्रेमकथा लिहिते. बोटभर जाडीच्या छोट्या कादंबऱ्या. नांदेडचा एक प्रकाशक त्या छापतो आणि दिवाळी सरली की त्या बसस्टँडावरच्या स्टॉलवर लागतात. गोष्ट थोड्याफार फरकानं तीच असते. एखादी बाई कामासाठी किंवा रागाच्या भरात घरापासून लांब गेलेली असते, तिच्यावर जीव लावणारा कुणीतरी तिला शोधत जातो, आणि नाताळच्या सकाळी दोघं दारात उभे राहतात. आत करंज्या तळणं चालू असतं. वाचणाऱ्या बहुतेक बायका आमच्या धर्माच्या नाहीत. त्यांना करंज्या ओळखीच्या वाटतात आणि चर्चची घंटा नवी, असं प्रकाशकाचं म्हणणं.

आमचं घर लातूरचं. वडील दवाखान्यात कंपाउंडर होते. डिसेंबर लागला की ते बांबूच्या कामट्यांची मोठी चांदणी बांधायचे आणि मी नि माझी थोरली बहीण तिला पतंगाचा कागद चिकटवायचो. आई अनारशाचं पीठ डब्यात दाबून ठेवायची. गाणारी मंडळी ढोलकी घेऊन घरोघर फिरायची. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी मात्र सगळ्यांनी कबरस्तानात जायचं, हा आईचा नेम. आजी-आजोबांच्या कबरी झाडायच्या, चुना लावायचा, वर झेंडू ठेवायचा. सणाला सगळे एका जागी पाहिजेत, जमिनीवरचे नि जमिनीखालचे, असं ती म्हणायची.

बहीण नर्स झाली आणि औसा तालुक्यातल्या एका खेड्यात नोकरीला लागली. तिचा नवरा तिथंच मास्तर होता. भूकंपात त्यांचं दगडमातीचं घर दोघांवर बसलं. त्यांची चार वर्षांची पोर लोखंडी खाटेखाली अडकली म्हणून वाचली.

वडील आणि मी एका ट्रकमधून तिथं पोचलो तोवर गावानं अंत्यविधी उरकले होते. पडलेल्या माळवदांच्या तुळयांवरच सगळ्यांना एकत्र अग्नी दिला होता. आमच्यात पुरतात, हे सांगायला तिथं आमचं कुणी नव्हतं. डोक्याला फडकं बांधलेला एक माणूस वडिलांना म्हणाला, "कोण कुणाचं हे बघाया येळ न्हवता, साहेब. पाऊस लागला हुता." वडिलांनी चपला काढल्या, चिखलात उभं राहून प्रार्थना केली, आणि पोरीला खांद्यावर घेऊन आम्ही परत निघालो.

त्या वर्षी नाताळ करायचा नाही असं आईनं ठरवलं होतं. अजून निम्मं लातूर अंगणात झोपत होतं. आमची पोर तर दिवसासुद्धा घरात पाऊल टाकत नव्हती. ताडपत्रीखाली खेळायची, तिथंच जेवायची. शेवटी वडील म्हणाले, लेकरासाठी तरी चार करंज्या करा. आई बाहेर चूल मांडून तळायला बसली, तेव्हा पोरीनं विचारलं, "नाताळला आई येणार ना?"

तिला कुणी काही सांगितलेलंच नव्हतं. आईनं माझ्याकडं बघितलं. मग मी एक गोष्ट रचली: एक नर्स लांबच्या दवाखान्यात अडकते, मास्तर तिला आणायला निघतात, एस.टी. बंद पडते, नदीला पूर येतो, पण नाताळच्या सकाळी ती घरी येते. पोरीनं गोष्ट ऐकत ऐकत दोन करंज्या खाल्ल्या. भूकंपानंतर तिनं स्वतःच्या हातानं खाल्लेलं ते पहिलं गोड. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच गोष्ट मागितली. पुढं मी ती कागदावर उतरवून नांदेडला पाठवली. ती छापली गेली, आणि प्रकाशकानं पुढच्या नाताळला दुसरी मागितली.

भाची मोठी होईतो लातूर बदललं. गल्लोगल्ली क्लासेस निघाले. आम्ही वर दोन खोल्या चढवल्या आणि उमरी, लोह्याकडच्या मुली भाडेकरू म्हणून ठेवल्या. पहाटे उठून त्या क्लासला पळायच्या, आणि त्यांच्या फिजिक्सच्या नोट्सखाली माझ्या कादंबऱ्या फिरायच्या. भाची त्यांच्याबरोबरच बारावीला होती. माझी पुस्तकं ती कधी हातात घ्यायची नाही. त्या वर्षी एका मुलीनं दिलं म्हणून तिनं एक वाचलं, मग एकेक करून सगळी वाचली.

नाताळ तोंडावर आला होता. मी आणि आई करंज्या भरत होतो. भाची स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"मावशी, ह्या सगळ्या बाया म्हणजे आईच हाय ना?"

मी हो म्हटलं.

"ती कशी गेली हे मला कुणी सांगितलंच न्हाई. मीच इकडून तिकडून समजून घेतलं." ती अजिबात रडत नव्हती. "आजी, आपण सगळ्यांच्या कबरीला फूल टाकतो. आईला कुठं टाकायचं?"

आईनं गॅस बंद केला. पिठाचे हात धुतले आणि वडिलांना जीप ठरवायला सांगितलं.

त्या वर्षी आदल्या दिवशी आम्ही कबरस्तानात गेलो नाही. जीप करून त्या गावी गेलो. नवं गाव लांब, सरळ रेघेत वसलेलं. जुन्या जागी दगड आणि वेड्या बाभळी. शेळ्या राखणाऱ्या एका म्हातारीनं हात करून दाखवलं, तिकडं जाळलं हुतं बघा. तिकडं आता कुणाची तरी ज्वारी उभी होती. भाची झेंडूची पिशवी घेऊन त्या ज्वारीत शिरली आणि फुलं कुठं ठेवावी ते न कळून उभी राहिली.

"कुठंबी ठेव, बाई," आई बांधावरून म्हणाली. "तिच्यासंगं सगळं गाव हाय."

तिनं सगळ्या रानात फुलं उधळली.

पुढच्या वर्षीच्या कादंबरीत मी त्या बाईला घरी आणलं नाही. प्रकाशकाचा फोन आला. तो माणूस चांगला, चिडला नाही. "ताई, बाया सणाला रडायसाठी पुस्तक घेत न्हाईत," एवढंच म्हणाला. मी शेवटचं प्रकरण पुन्हा लिहून दिलं.

भाचीचा मेडिकलला नंबर लागला नाही. तिनं नांदेडला नर्सिंग केलं आणि तिथंच एका दवाखान्यात नोकरी धरली. आई-वडील गेले, त्यांच्या कबरींना चुना लावायला आता मी एकटीच जाते. भाची नाताळची ड्यूटी मुद्दाम मागून घेते. दुसऱ्या दिवशी दुपारी येते, उरलेलं मटण गरम करून खाते आणि झोपते. मी तिला उठवत नाही.