दर दिवाळीला उभं राहणं

आमच्या सेवाभावी क्लबचे सेक्रेटरी साड्यांचे व्यापारी आहेत. भेटले की आधी समोरच्याच्या शर्टाची बाही चिमटीत धरून कापड बघतात, मगच "केम छो" म्हणतात. क्लबने भरलेल्या माझ्या इंजिनिअरिंगच्या फीसाठी याच माणसाने कॉलेजात चकरा मारल्या होत्या, हे मी कधी विसरणार नाही. तेही विसरत नाहीत. दर दिवाळी स्नेहमिलनाला ते माइकवर माझं नाव घेतात, मी उभा राहतो आणि सगळे टाळ्या वाजवतात.

यंदा मी रीतसर सभासद झालो. सभासदाचा बिल्ला लावून पुढच्या रांगेत बसलो होतो. ते आले, बाही चाचपली, आणि बिल्ला अलगद काढून माझ्याच खिशात ठेवला.

"अभी रहने दो, भाई. फोटो में अपना लडका चाहिए. मेंबर तो बहुत हैं."

मग यंदा क्लब जिची फी भरणार होता, त्या मुलीला त्यांनी माझ्या शेजारी आणून बसवलं. तिचे वडील पलसाण्याला डाइंग मिलमध्ये कामाला आहेत.

"इसको देख, बेटा. हर दिवाली खडा होता है!"

ते स्टेजकडे वळल्यावर ती आमच्या अहिराणीत हळूच म्हणाली, "भाऊ, कितला वरीस उभं राहनं पडस?"

"एकच डाव," मी ठामपणे म्हणालो. "मंग सरळ नही म्हणी टाकानं."

तेवढ्यात माइकवर माझं नाव आलं. मी उभा राहिलो आणि सवयीने हातही जोडले.