एका मुलीला एकच पालक

अमरावतीच्या एका मुलींच्या वसतिगृहासाठी मी भेटींच्या नोंदीची वेबसाइट बनवली. त्यात प्रत्येक मुलीच्या नावापुढे पालकाचा एकच रकाना ठेवला. त्यात नाव असेल त्यालाच फाटकातून आत सोडत. खरं तर एका मुलीला भेटणारे अनेक असतात आणि एक माणूस अनेक मुलींना भेटतो. हे मांडायला मुलींचा तक्ता आणि भेटणाऱ्यांचा तक्ता यांच्यामधे तिसरा तक्ता, म्हणजे तिसरं टेबल लागतं, कोणाला कोण भेटू शकतं एवढ्या जोड्यांचं. मला ते येत होतं, पण कंटाळा केला. वर अधीक्षकबाईंना ऐटीत सांगितलं, "एका पोरीला एक बाप पुरे."

मी स्वतः मूर्तिजापूरकडच्या खेड्यातली. कपाशी लागोपाठ बुडाली त्या वर्षांत एसटीचं भाडंही जड जायचं, म्हणून जो कोणी अमरावतीला बाजाराला निघे, तो घरोघरचे डबे घेऊन गावच्या सगळ्या पोरींना भेटून येई. असेच डबे खाऊन मी शिकले. आणि रकाना मात्र एकच ठेवला, धन्य आहे माझी!

पुढे एका रविवारी वसतिगृहात गेले, तर फाटकावर आमच्याच भागातले एक चाचा डब्यांच्या पिशव्या घेऊन चौकीदाराशी भांडत होते. कांद्याचे व्यापारी. त्यांचं नाव कोणाच्याच पुढे नव्हतं.

"पोरी माह्या नसतीन, गावच्या त हायेत ना? काहून आडवून राहिला मले?"

तेवढ्यात आतून चाचांच्याच गावची बारावीतली एक मुलगी बॅग घेऊन आली. शिक्षण सोडून घरी निघाली होती. तिच्या रकान्यातला बाप मजुरीसाठी सुरतेला होता, म्हणजे तिला भेटायला येऊ शकेल असं कोणीच नव्हतं. चाचांना पाहून ती रडायलाच लागली.

"मायनं इतके दिवस डबाच नाही धाडला. मले वाटलं, घरी आता मी जड झाली."

"मी त दर बाजाराले येऊन राहिलो, बेटा. हे सोडतच नाहीत."

मी पुढे होऊन, मीही मूर्तिजापूरकडचीच आणि ही चूक माझी, असं सांगितलं. तिनं डोळे पुसून माझ्याकडे पाहिलं.

"ताई, तुमी त आमच्याच भागातल्या. तुमालेबी ठाऊक नव्हतं?"

तशीच ऑफिसात जाऊन बसले आणि तिसरं टेबल जोडलं. चाचांच्या नावाशी गावच्या सगळ्या मुली जोडल्या, तिलाही जोडलं. बाहेर आले तेव्हा ती चाचांबरोबर एसटी स्टँडवर निघून गेली होती. मागे धावून तिला थांब म्हणायची माझी हिंमत झाली नाही.