रविवारची बडबड

संध्याकाळी ऑफिसातून येऊन मी दाराला किल्ली लावायचो, तेव्हा आत माझ्या बायकोचं बोलणं सुरू झालेलं असायचं. "अरे ऐक ना, आज समोरच्या कडुनिंबावर एवढे पोपट आले होते, आणि वरच्या भाभींनी पुन्हा आपल्या कपड्यांवर पाणी सांडलं, आणि 'कानोसा'ला हिंदीत काय म्हणशील तू? 'आहट' नाही हं, आहट म्हणजे चाहूल." एवढ्यात दूध उतू गेल्याचा वास यायचा. ती तिकडे धावायची आणि परत येताना भलतंच काहीतरी सांगत यायची. पोपटांचं पुढे काय झालं ते मला कधी कळलं नाही.

आम्ही दिल्लीत, तिमारपूरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहतो. मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आहे. दिवसभर तोंडाने हिंदी आणि फायलीवर इंग्रजी. मराठी माझ्या वाट्याला यायची ती तिच्या तोंडून. मुलगी इथेच वाढली, त्यामुळे तिचं मराठी पोळी-भाजीपुरतं. आता तीही नोकरीसाठी बंगळूरला असते.

बायकोला माहेरी 'वेंधळी' म्हणायचे, सासरीही तेच नाव चिकटलं. मेथी निवडायला बसली की अर्धी जुडी वर्तमानपत्रावर तशीच राहायची, कारण मध्येच तिला पडदे धुवायला काढायचे असत. पडदे बादलीत भिजत पडायचे, कारण तेवढ्यात बहिणीला फोन लावलेला असे. शाळेतली नोकरी तिला झेपली नाही, म्हणून ती घरी बसून अनुवादाची कामं करायची. मजकूर सुरेख उतरायचा, पण वेळेवर कधी पूर्ण होत नसे, आणि मग ते लोक पुन्हा फोन करत नसत. विजेचं बिल, गॅसचा नंबर, पाहुण्यांच्या गाडीची वेळ हे सगळं माझ्याकडे. तिने विसरायचं आणि मी लक्षात ठेवायचं, असा आमचा संसार ठरून गेला होता. मला त्यात काही कमी आहे असं वाटत नव्हतं.

मग एका फेब्रुवारीत मुलीने तिला फोनवर एक व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, 'आई, ही तूच आहेस.' पन्नाशीची एक बाई सांगत होती की तिला एडीएचडी, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याचं दुखणं, आहे हे तिला आत्ता कळलं. बायको आधी हसली. मग तिने तो व्हिडिओ पुन्हा लावला, पुन्हा लावला आणि ओट्याला टेकून रडायला लागली.

"अगं, काय झालं?"

"मला वाटायचं, मी आळशी आहे," ती म्हणाली.

मी तिला समजावलं की हल्ली असल्या व्हिडिओंचं पेव फुटलंय, ज्याला त्याला हेच झालेलं असतं. आठवड्याभरात तिने स्वतःच डॉक्टर शोधली. अपॉइंटमेंट ती विसरली नाही, हेच मला नवल वाटलं.

डॉक्टरबाई पंजाबी होत्या, शांत. त्यांनी दोन बैठकांत पुष्कळ विचारलं. शेवटी म्हणाल्या, लहानपणी ओळखणारं कोणी असेल तर फोन लावा. बायकोने कोल्हापूरला मोठ्या बहिणीला लावला आणि स्पीकर चालू केला.

"हां जी, बचपन से ऐसीच है," मेव्हणीबाई त्यांच्या हिंदीत सुरू झाल्या. "टिफिन स्कूल में, दप्तर बस में, और खुद दूसरे के घर में!" त्या खो-खो हसत होत्या. मलाही हसू येत होतं. "बाबा तर तिला खुर्चीला बांधून अभ्यासाला बसवायचे," हे मात्र त्या मराठीत बोलल्या. "साडीच्या काठाने. आम्ही बाकीची पोरं दारातून बघायचो."

डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं, याचा अर्थ सांगा म्हणून. मी बायकोकडे पाहिलं. ती टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होती. एवढी वर्षं अखंड बोलणाऱ्या या बाईने ही गोष्ट मला कधी सांगितली नव्हती.

निदान तेच निघालं आणि गोळी सुरू झाली. सकाळी नाश्त्यानंतर एक. चिठ्ठीशिवाय ती मिळत नाही, केमिस्ट चिठ्ठी उलटसुलट करून बघतो आणि मग आपल्याला. भूक कमी होईल, ब्लड प्रेशर बघत राहा, रविवारी नाही घेतली तरी चालेल, असं डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं.

पहिल्या दिवशी संध्याकाळी मी किल्ली फिरवली तर आत सामसूम. मला वाटलं, बाहेर गेली. ती जेवणाच्या टेबलाशी लॅपटॉप उघडून बसली होती. मान वर न करता म्हणाली, "चहा झाकून ठेवलाय." ओटा स्वच्छ होता. पडदे धुऊन, वाळून जागेवर लागले होते. मी चहा घेऊन समोर बसलो. पुष्कळ वेळाने तिने डोकं वर केलं. तिचा चेहरा असा मोकळा मी पाहिला नव्हता.

"तुला रविवारचं कमला नगर मार्केट माहितेय ना? ती गर्दी, तो गोंगाट? माझ्या डोक्यात जन्मभर तसं होतं. आज बाजार बंद आहे. सोमवारची सुट्टी आहे."

मला आनंद झाला. खरंच झाला. मी मुलीला फोन करून तसं सांगितलंही.

पण पंधरवडा गेला, महिना गेला, आणि घरातली सामसूम माझ्या अंगावर यायला लागली. बायको कामात असायची. अनुवादाची दोन कामं तिने वेळेच्या आधी दिली आणि मग एक आख्खं पुस्तक तिच्याकडे आलं. विजेचं बिल मी भरायला गेलो तर ते भरलेलं. गाडीची तिकिटं काढलेली. मी विचारलं की ती उत्तर द्यायची, नेमकं आणि पुरेसं. ऑफिसात मी ज्यांच्याशी बोलायचो तेही असंच बोलायचे.

रविवारी मात्र ती गोळी घेत नसे. रविवारी सकाळपासून घरात पुन्हा पोपट, भाभी, बहीण, एखादा अडलेला शब्द. पोह्यांत मीठ दोनदा पडायचं. मी खुर्ची स्वयंपाकघराच्या दारात ओढून पेपर वाचत बसायचो. शनिवारीच मला बरं वाटायला लागायचं.

ऑगस्टमधल्या अशाच एका रविवारी तिने कांदा चिरता चिरता सुरी खाली ठेवली.

"पुस्तकाची तारीख जवळ आलीये. आता मी रविवारीही घेणार आहे."

"एक दिवस तरी राहू दे ना," मी म्हणालो. "डॉक्टर म्हणाल्यात ना चालेल."

"त्या म्हणाल्यात. तू का म्हणतोयस?"

मी पेपरची घडी केली. "छान वाटतं गं. तू बोलतेस, घर भरल्यासारखं वाटतं."

ती माझ्याकडे वळली. रागावली नव्हती. "तुला वाटायचं मी तुझ्याशी बोलतेय. अरे, मला थांबताच येत नव्हतं. तू ऐकतोयस की नाही, खोलीत आहेस की नाही, हेही कित्येकदा मला कळायचं नाही. नंतर इतकं थकायला व्हायचं."

"आणि आता?"

"आता बोलावंसं वाटलं तर बोलते."

तिने सुरी उचलली आणि कांदा चिरून संपवला. मी तिथेच बसून राहिलो. तिचं खोटं नव्हतं. ज्या गप्पांवर मी इतकी वर्षं जगलो, त्या माझ्याशी नव्हत्याच, एवढं समजायला मला बरेच दिवस लागले.

तेव्हापासून माझं फोन बघणं वाढलं. आधी मी त्यावर बातम्या बघायचो, फार तर मुलीचे फोटो. आता मेट्रोत बसलो की अंगठा चालू. जेवताना समोर ती, हातात फोन. कोणीतरी माझ्याशी बोलत असायचं, हेच मला पुरे होतं. भटुऱ्याची गाडी, पानिपतच्या बाजारात चादरींचे भाव सांगणारा माणूस, गुडघ्यांचे व्यायाम. बायकोच्या दुखण्याबद्दल मी एकदा शोधलं होतं, त्यामुळे मध्ये मध्ये तेही यायचं. एक तरुण कॅमेऱ्याकडे बोट दाखवून विचारायचा, "क्या आप भी बार-बार भूल जाते हैं? एक काम पूरा नहीं कर पाते?"

आणि मी विसरायला लागलो होतो. उतरायचं केंद्रीय सचिवालयला आणि मान वर केली तर चार स्टेशनं पुढचं आयएनए. एक टिप्पणी अर्धवट लिहूनच वर पाठवली, साहेबांनी बोलावून विचारलं की तब्येत बरी आहे ना. फाईलचं एक पान वाचून होईना. हळूहळू मला वाटायला लागलं की मलाही तेच आहे. त्या वाटण्यात भीती कमी होती. खरं सांगायचं तर मला जरा उत्सुकताच होती. एकाच घरात दोघांना एकच दुखणं, एकच गोळी. ती तिच्या सोमवारात बसली होती, तिथे मलाही जाता आलं असतं.

नोव्हेंबरात अर्ध्या दिवसाची रजा टाकून मी एकटाच त्याच डॉक्टरबाईंकडे गेलो. बाहेर धुरकट हवा होती, आत खुर्च्या भरलेल्या. बहुतेक सगळे माझ्या मुलीच्या वयाचे. शेजारी बसलेली मुलगी हळू आवाजात फोनवर म्हणाली, "हो गं आई, लायब्ररीत आहे. जेवले. ठेवू का?"

किती दिवसांनी कानावर असं मराठी पडलं. तिने फोन ठेवल्यावर मी म्हणालो, "इथली लायब्ररी चांगली आहे."

ती दचकली आणि मग ओशाळून हसली. "काका, तुम्ही मराठी? प्लीज, आईला काळजी नको म्हणून."

ती मराठवाड्यातल्या एका गावाहून यूपीएससीसाठी आली होती, मुखर्जी नगरला राहायची. पानं पुढे सरकत नाहीत म्हणाली. हॉस्टेलमधल्या मैत्रिणी कुठून कुठून ह्या गोळ्या मिळवून खातात, पण तिला तसं घ्यायला भीती वाटते. "निदान खरंच आहे की नाही ते कळेल." मग तिने विचारलं, "तुम्ही कुणासाठी आलात?"

"बायकोसाठी," मी म्हणालो.

तिला आत बोलावलं. ती बाहेर आली तेव्हा माझा नंबर लागला होता, त्यामुळे तिचं काय ठरलं ते मला विचारता आलं नाही.

डॉक्टरबाईंनी मला ओळखलं. मी सगळं सांगितलं, व्हिडिओतले शब्दही वापरले असतील. त्यांनी माझ्या शाळेबद्दल विचारलं. मी कधी पेन्सिल हरवली नव्हती. वर्गात हलायचो नाही. गृहपाठ घरी पोचल्याबरोबर. नोकरीतही या पावसाळ्यापर्यंत एक कागद इकडचा तिकडे झाला नव्हता. हे सांगताना माझी बाजू पडत चाललीये हे माझं मलाच कळत होतं. मग त्यांनी फोन मागितला आणि मी दिवसातून किती वेळ तो बघतो ते काढून माझ्यासमोर धरलं. मी तो घेऊन टेबलावर उलटा ठेवला.

"आपको एडीएचडी नहीं है, सर."

परीक्षेत नापास झाल्यासारखं वाटलं. "तो फिर मुझे क्या है?"

त्यांनी उलट विचारलं, "घर में बातचीत होती है?"

"काम की हो जाती है."

"और बाकी?"

बाकीचं मला हिंदीत सांगता येईना. मराठीतही आलं असतं की नाही कोण जाणे. त्यांनी औषध लिहून दिलं नाही. फोन कमी करा, रोज चाला, झोप सुधारली नाही तर पुन्हा या, म्हणाल्या. "और किसी के साथ चलिए," हेही म्हणाल्या.

मी एकटाच चालायला लागलो. हिंदूराव हॉस्पिटलच्या अलीकडून रिजवर, म्हणजे झाडीच्या टेकडीवर, जाणारी वाट आहे. तिथे माकडं फार. हातातलं काहीही ओढून नेतात, त्यामुळे फोन खिशातच ठेवावा लागतो. एवढा एक तास तरी माझा अंगठा थांबायचा. पुढे मेट्रोत मी खिडकीतून बघायला शिकलो. बोगद्यात बघण्यासारखं काही नसतं, पण स्टेशन चुकत नाही.

बायकोचं पुस्तक डिसेंबरात पूर्ण झालं. जानेवारीत एका दुपारी ऊन पडलं होतं, तर ती आपणहून म्हणाली, "चल, मीही येते आज." रिजवर आम्ही बराच वेळ न बोलता चाललो. तिला ते काही जड जात नव्हतं. मला जात होतं. इतक्या वर्षांत मी आपणहून बोलायला कधी सुरुवात केली नव्हती, कारण तशी वेळच आली नव्हती. शेवटी मी म्हणालो, "मी नोव्हेंबरात तुझ्या डॉक्टरांकडे गेलो होतो."

ती थांबली. "कशाला?"

"मला वाटलं, मलाही तुझ्यासारखं आहे."

"मग?"

"नाही म्हणाल्या."

ती हसायला लागली, तोंडावर हात ठेवून. "नापास झालास?" मलाही हसू आलं. मग तिचं हसू ओसरलं. "तुला ते व्हावंसं वाटलं?"

मी होकारार्थी मान हलवली. तिने माझा हात धरला नाही किंवा काही समजावलं नाही. वाटेकडेच्या बाकावरची वाळलेली पानं झटकून ती बसली आणि मला शेजारी बसायला लावलं.

"सांग," ती म्हणाली. "सगळं सांग, काय काय झालं ते."

मी सांगितलं. धूर, खुर्च्या, आईशी खोटं बोलणारी ती मुलगी, आयएनए स्टेशन, साहेब. ती माझ्याकडे तोंड करून ऐकत होती. मध्ये एकदाही दुसरीकडे बघितलं नाही, मध्ये एक शब्द बोलली नाही. असं कोणी माझं ऐकलं नव्हतं. मला अवघडल्यासारखं झालं, आणि सगळं सांगून फार लवकर संपलं.

"अजून?" तिने विचारलं.

मी आठवून बघितलं. काहीच सुचेना. समोर झाडीत माकडं एकमेकांच्या अंगावरून उड्या मारत होती, आणि ती अजूनही माझ्याकडे बघत होती, मी बोलेन म्हणून.