पहिलं कापड

मॅट्रिकनंतरच्या सुटीत आमच्या घरी रोज एकाच गोष्टीवरून भांडण व्हायचं. वडील कोर्टात कारकून. त्यांचं म्हणणं, पुण्याला जा, ड्रॉइंग मास्तर व्हायचा वर्ग पुरा कर आणि एखाद्या शाळेत चिकट. मला मुंबईची कलाशाळा हवी होती. "पाच वर्षं शिकून काय करणार? भिंती रंगवणार?" असं ते ताटावरच विचारायचे, आणि आई मध्येच भात वाढून विषय बदलायची.

खरं सांगायचं तर मुंबईचं वेड मला चित्रांनी लावलं नव्हतं. ते लावलं एका विणकराच्या मुलानं.

तो शाळेत माझ्याच बाकावर बसे. घरी तेलुगू, बाहेर अस्सल सोलापुरी मराठी. त्यांच्या घरात पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत संसार. लुगड्याच्या काठाची नक्षी त्याचे वडील, अण्णा, आधी चौकटीच्या कागदावर एकेक घर भरून काढत, आणि हा लहानपणापासून त्यांच्या शेजारी बसून घरं भरायचा. चित्रकलेच्या दोन्ही सरकारी परीक्षा आम्ही एकदमच दिल्या. दोन्हींत तो वरच्या श्रेणीत आणि मी नुसता पास. मॅट्रिकला मात्र तो इंग्रजीत आपटला आणि मी सुटलो. आईनं पेढे वाटले. मला पेढ्यापेक्षा त्याचं नापास होणं गोड लागलं, आता या वयात ते कशाला लपवू?

त्या सुटीत मी सिद्धेश्वराच्या तळ्याचं जलरंगात चित्र करत होतो. सोबत म्हणून त्याला न्यायचो. मी आठ दिवस पाणी रंगवलं, आणि ते शेवटपर्यंत निळ्या सतरंजीसारखंच दिसलं. तो नुसता काठावर पाय सोडून बसायचा. नवव्या दिवशी त्यानं खिशातून चौकटीच्या कागदाचा तुकडा काढला. त्यावर तळ्याच्या पायऱ्या होत्या, आणि त्यांच्याखाली त्याच पायऱ्या उलट्या, एकेक घर सरकवून मोडलेल्या. रंग एकच, लाल पेन्सिलीचा. पण पाणी हलत होतं.

"बरं जमलंय का रं?" त्यानं विचारलं.

"ठीक आहे. पण हे विणकाम झालं, चित्र नव्हे," मी म्हणालो. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला होता.

तो हसला. "विणकरच हाय की मी."

तो चिडला असता तर मला बरं वाटलं असतं. पण त्याला चिडणं ठाऊकच नव्हतं, आणि त्याचाही मला राग यायचा.

मग टपालानं मुंबईच्या शाळेचं माहितीपत्रक आलं. सगळं इंग्रजीत. दुसऱ्या दिवशी तो आमच्या ओसरीवर हजर. शाळेतल्या चित्रकलेच्या मास्तरांनी त्याला सुटीआधीच सांगून ठेवलं होतं म्हणे, तूही अर्ज कर. पण मास्तर सुटीला नातेपुत्याला, आपल्या गावी गेलेले. इंग्रजी वाचून दाखवायला त्याला माझ्याखेरीज कोण होतं?

"नीट बघून सांग," तो म्हणाला. "मॅट्रिक लागतंय का? अण्णा सोडायला तयार हायत. पण मॅट्रिक लागत असलं तर मग सवालच न्हाय."

मी पान उलटलं. तिथं स्पष्ट लिहिलं होतं की चित्रकलेची दुसरी, वरची सरकारी परीक्षा झालेल्याला मॅट्रिकची अट नाही. ते वाक्य मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा समजावं म्हणून, दुसऱ्यांदा समजलं नसावं अशी आशा धरून. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. डोळ्यांपुढे आलं ते एवढंच, की मुंबईतही हा माझ्याच बाकावर बसणार, आणि तिथले मास्तरही आधी याचाच कागद उचलणार.

"लागतं," मी म्हणालो.

"व्हय? मग ऱ्हायलं," तो म्हणाला. आणि उठताना वर मलाच धीर दिला, "तू तरी जा. वडलांचं काय मनावर घेऊ नकोस."

आईनं दोन दिवस अबोला धरल्यावर वडील नमले आणि माझा अर्ज गेला. मास्तर नातेपुत्याहून परतले तेव्हा मुदत संपली होती. "त्यानं का नाही भरला अर्ज?" त्यांनी मला विचारलं. "घरचे सोडत नाहीत," मी म्हणालो. एकदा खोटं बोललं की दुसऱ्याला फार कष्ट पडत नाहीत.

निघायच्या दिवशी तो घरी आला. हातात एक चौरस कापड होतं, पांढरं, आणि चारही बाजूंनी लाल काठ. काठात तळ्याच्या पायऱ्या.

"चित्रं बांधून न्यायला. बासन कर याचं," तो म्हणाला. "आमच्यात नवी नक्षी मागावर चढली की पहिलं कापड इकत न्हाईत. ज्याच्यामुळं नक्षी सुचली त्याला द्यायचं. तू तळ्यावर नेलंस म्हणून सुचली की."

मला ते कापड तिथंच फेकून द्यावंसं वाटलं. पण आई दारात उभी होती. तिनं काठावरून हात फिरवला आणि म्हणाली, "काय हात आहे रे पोरा तुझा!" माझ्या चित्रांवरून तिनं कधी असा हात फिरवला नव्हता. मी चित्रं त्यातच बांधली.

मुंबईत पहिल्या दिवशी प्रवेशासाठी वर्गातच एकेकाला पुढं बोलावून कामं बघत होते. वयस्कर, मराठी बोलणारे सर होते. त्यांनी गाठ सोडली, चित्रांचा गठ्ठा न बघता बाजूला ठेवला आणि कापड खिडकीकडे धरलं.

"हा काठ कुणाच्या हातचा?"

सगळा वर्ग ऐकत होता. नाव तर जिभेवर होतं. आमच्या सोलापूरच्या मास्तरांच्या एका पत्रावर सरांनी त्याला पुढच्या वर्षी बोलावलंही असतं. मला ते पुरतं कळत होतं, आणि म्हणूनच मी म्हणालो, "ठाऊक नाही, सर. बाजारातून आणलं."

"सोलापूरच्या बाजारात असं मिळतं?"

"हो, सर."

त्यांनी मग माझी चित्रं पाहिली. तळ्यावर जरा थांबले, पुढं गेले. मला प्रवेश मिळाला. कापड मात्र त्यांनी ठेवून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी वर्गाच्या मधोमध एका मडक्यावर ते टाकून म्हणाले, "आठवडाभर हेच काढायचं."

वीसजणांनी ते काढलं. मीही काढलं. घड्या जमल्या, सावल्या जमल्या. पायऱ्या मात्र रोज चुकायच्या. रोज मी खोडून त्या पुन्हा मोजायला बसायचो, आणि शनिवारी सरांनी माझ्या कागदापाशी येऊन विचारलं, "तुझ्याच गावचा काठ ना रे हा? मग तुलाच कसा येत नाही?"