गणपतमामांचं माळवद आणि माझा टेप

चहा घ्या आधी, गार होतोय. आणि हसायचं असेल तर माझं सांगून झाल्यावर हसा, कारण तो दिवस आठवला की मला अजून घाम फुटतो. अहो, मी एका चांगल्या नांदत्या घराचं छत उतरवलंय! हातोडा न लावता. नुसता टेप लावून!

दुष्काळाची वर्षं ती. मी नुकताच डिप्लोमा होऊन उमरग्याच्या एका गृहनिर्माण सोसायटीत ओव्हरशिअर म्हणून चिकटलो होतो. डोक्यावर सोला हॅट. गरज होती का? मुळीच नाही. पण साहेब दिसायला नको का?

सोसायटीला पंधरा घरं बांधायची होती. मी झोकात स्लॅबच्या घराचा नकाशा काढला. चेअरमननी तो उलटासुलटा करून बघितला.

"ओव्हरशिअर, मे महिन्यात ह्या घरात ऱ्हायचं कुणी? तुम्ही?"

"पंखा लावला की साहेब..."

"आन् पंख्याला लाईट कुठं हाय? गार ऱ्हाणारं घर काढा. न्हाय जमलं तर आमी दुसरा माणूस बघतो."

झालं! नोकरीवरच बेतलं की हो! तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, माकणीकडच्या एका खेड्यात गणपतमामांचं घर बघा, भर उन्हाळ्यात आत गेलं की घोंगडं घ्यावं वाटतं. दुसऱ्या दिवशी सकाळी येष्टी धरली.

मामा दुष्काळी कामावर खडी फोडायला गेलेले. घरात त्यांची बायको, सोनामावशी. मी आत पाऊल टाकलं आणि चाटच पडलो. बाहेर डोळे दिपवणारं ऊन अन् आत माठाजवळ बसल्यासारखा गारवा! दोन-दोन हात जाड भिंती. वर माळवद, म्हणजे लाकडी तुळया, त्यावर फळ्या, त्यावर पाला आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाडजूड थर. कोनाड्यात बुद्धाची मूर्ती, खाली सारवलेली जमीन. मला तर तिथंच लोळावंसं वाटलं.

पण साहेब कधी लोळतो का? साहेबानं टेप काढला. भिंती मोजल्या, लाल खडूनं भिंतीवर आकडे टाकले, वहीत उतरवून घेतले. कशासाठी मोजतोय ते सांगितलं का? छे! अधिकाऱ्यानं कमी बोलावं, अशी माझी समजूत.

मावशी दाराला धरून उभी होती. हळूच म्हणाली, "साहेब, लाकूड कुणाचं म्हनायचं?"

"तुमचंच की, मावशी!"

"आन् दगडं?"

"तीपण तुमचीच."

काय भोळी माणसं, मी मनात म्हणालो. स्वतःच्या घरातलं लाकूड कुणाचं म्हणून मला विचारतात!

"शेजारच्याचं बी मोजनार का?"

"वेळ मिळाला तर सगळी गल्ली मोजू!" मी ऐटीत सांगितलं.

तिनं मला गुळाचा बिनदुधाचा चहा दिला. कप देताना तिनं पदर डोळ्यांना लावला. मला वाटलं, एवढा मोठा साहेब घरी आला म्हणून असेल.

तुमच्या लक्षात आलं का काही? माझ्या नाही आलं. त्या भागात तेव्हा धरणाचं काम चाललेलं. खालच्या दोन वाड्या उठल्या होत्या. तिथं असंच व्हायचं. एक दिवस टोपीवाला यायचा, टेप लावायचा, भिंतीवर लाल आकडा टाकून जायचा, आणि ते घर पाण्यात गेलं म्हणून समजायचं. मग लोक पाणी यायच्या आत तुळया, दारं, चौकटी उतरवून गाडीत घालून न्यायचे. हे गाव पाण्याच्या रेषेच्या वर, म्हणून वाचलेलं. आणि तिथं मी गेलो, टोपी, टेप अन् लाल खडू घेऊन!

नकाशा नीट काढायला तिसऱ्या दिवशी परत गेलो. गल्लीत शिरलो आणि जागच्या जागी थिजलो.

रस्त्यावर खाटा, रांजण, पाटा-वरवंटा. गाडीत तुळया रचलेल्या. मावशी जात्यावर बसलेली, मांडीवर फडक्यात गुंडाळलेली बुद्धाची मूर्ती. शेजारी एक जण पहार लावून आपली चौकट उचकटतोय. मी घरात डोकावलो तर आत लख्ख ऊन! वर सरळ आभाळ! माळवद गायब! आणि चारी भिंतींवर माझे लाल आकडे कसे ठसठशीत दिसत होते.

"मामा, हे काय केलंत?" मी ओरडलोच.

कामावरून परतलेले गणपतमामा एका तुळईवर बसले होते. "तुमीच खुना केल्या न्हवं? म्हनलं, लाकडं तरी वाचवावी. माझ्या बापानं घातल्यालं माळवद साहेब. उतरिवताना दोघं बी रडलो."

"मामा, मी... मी धरणाचा नाही हो! तुमच्यासारखं गार घर बांधायचंय आम्हाला, म्हणून मोजत होतो."

शेजाऱ्यानं पहार हळूच खाली ठेवली. मावशी उठली.

"मंजी आमचं घर बुडनार न्हाय?"

"नाही मावशी."

"मग त्या दिशी बोलला का न्हाय, मुडद्या? त्वांडाला कुलूप हुतं व्हय?"

तीन दिवसांत साहेबाचा मुडद्या झालो! आणि चूक कुणाची? माझीच, शंभर टक्के. मृग पंधरा दिवसांवर आलेला. एखादी जोराची सर आली असती तर त्या उघड्या भिंती खचल्या असत्या. ह्या दोघांचं आयुष्यभराचं घर माझ्या शहाणपणानं गेलं असतं. लाज वाटली हो, खरंच लाज वाटली. मी बॅग उचलली, म्हटलं निदान सोसायटीतून माणसं आणतो.

"जाताव कुठं?" मामा म्हणाले. "बॅग ठिवा. माती तुडवा."

रजा टाकली, हॅट काढली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भुस्सा घातलेली पांढरी माती तुडवायला लागलो. एक दिवस नाही, दोन दिवस नाही, पुरे बारा दिवस! डिप्लोमाच्या तीन वर्षांत शिकलो नव्हतो तेवढं त्या चिखलात शिकलो. तुळईला उतार किती, पाला कुठला, थर किती जाड. मावशीनंही संधी साधली. "मोडलंच हाय तर चूल त्या कोपऱ्यात घ्या, धुरानं डोळं गेलं माझं." चूल हलली. दाराशी आल्यागेल्याला टेकायला ओटा झाला.

मग माझ्यातला ओव्हरशिअर पुन्हा जागा झाला. म्हटलं, पश्चिमेला एक मोठी खिडकी हवी, हवा खेळती राहील.

"तिकडून हवा न्हाय, झळ येती," मामा म्हणाले.

मी हट्टच धरला. पुस्तकात आहे म्हणालो. शेवटी मावशीनं मामांना गप्प केलं, "राबलाय बिचारा. घ्या त्येच्या मनासारखं." मी स्वतःच्या हातानं चौकट बसवली आणि छाती काढून येष्टीत बसलो.

त्या साली मृग जेमतेम झाला, पण जेवढा झाला तेवढ्यात एक थेंब आत आला नाही. महिन्याभरानं मी चेअरमनना घर दाखवायला नेलं. ते आत आले, ओट्यावर टेकले, पुन्हा आत गेले. म्हणाले, "वा! असंच पायजे. गणपतरावांनाच बोलवा कामावर. पर ओव्हरशिअर, ह्यात तुमचं काय हो?"

"पश्चिमेची खिडकी, साहेब! संपूर्ण माझी!" मी हात करून दाखवली.

हात तसाच राहिला. खिडकी कुठाय? समोर सपाट भिंत! लिंपून, सारवून, वर मावशीची चाळणी टांगलेली!

"मावशी! खिडकी?"

"बुजिवली. त्येवढीच झळ येत हुती बगा घरात."

"अहो पण कधी?"

मावशीनं तोंडाला पदर लावला आणि मामांकडं बघितलं. मामा शांतपणे म्हणाले, "राग मानू नगा साहेब. तुमची येष्टी अजून वळनावर दिसत हुती."