ट्रामनं लालबाग

सन १९३६. मी एकवीस वर्षांचा. बऱ्हाणपूरजवळच्या निंबोल्याहून थोरल्या बहिणीकडे मुंबईला गेलो होतो, पायधुणीला. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, तिथं कापडाच्या दुकानात होते. इतके दिवस त्यांनी मला बोट धरूनच फिरवलं. परतायच्या दिवशी मी म्हटलं, "आज मी एकटा जाऊन गाडी धरणार."

"हरवशील," दाजी म्हणाले. "ट्राम म्हणजे काय बैलगाडी वाटली, हो म्हटलं की थांबायला?"

"हरवलो तर पुन्हा तुमच्यापुढं तोंड उघडणार नाही."

बोलून बसलो. गाठोडं उचललं अन् समोर आली त्या ट्रामला चढलो.

काय सांगू! एवढं दुमजली घर रुळांवरून चाललंय अन् पुढं ना बैल, ना घोडा! हाकणारा पायानं घंटा बडवतो, वर तारेला ठिणग्या उडतात. मी थेट माडीवर, पहिल्या बाकावर. लोकांची पागोटी, दुकानांच्या पाट्या, सगळं माझ्या पायाखाली! कंडक्टरनं विचारलं, "कुठं?" मी ऐटीत म्हटलं, "लालबाग."

आता आमच्या बऱ्हाणपूरचं स्टेशन लालबागेत. टांगेवाल्याला स्टेशन कुणी म्हणतच नाही. लालबाग म्हटलं की तो गाडीला पोचवतो. त्या तोऱ्यात तोच शब्द तोंडातून गेला. कंडक्टरनंही निमूट तिकीट दिलं, मग शंका कशाला येईल?

ट्राम चालली, चालली. गिरण्यांची धुराडी दिसायला लागली. मी आपला खुशीत.

"चला, लालबाग!"

उतरून बघतो तर नुसता रस्ता.

"स्टेशन कुठाय?"

"कुठलं स्टेशन?"

"लालबागचं! बऱ्हाणपूरची गाडी धरायचीय."

"अरे बाबा, ती बोरीबंदरला. तू उलटा आलास!"

सगळी ट्राम खदखदून हसली. मी म्हटलं, "लालबाग आहे अन् स्टेशन नाही, ही चूक तुमच्या मुंबईची."

पण गाडी गेली ती गेलीच. गाठोडं घेऊन पुन्हा पायधुणीला आलो, तर दाजी दारातच.

"काय मेहुणे, हरवलात ना? उद्या मी येतो पोचवायला."

"हरवलो कुठं? लालबाग म्हटलं अन् लालबागेतच उतरलो."

बहीण तोंडाला पदर लावून आत पळाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दाजी दाढीला बसले, तेवढ्यात मी सटकलो. पुन्हा ट्रामची माडी, पुन्हा पहिलं बाक. कंडक्टर नेमका कालचाच. गालात हसत म्हणाला, "लालबाग?"

"लालबागेलाच जायचंय," मी म्हटलं, "पण आज बोरीबंदरावरून."